पिस्तुलाचा कॉम्पेन्सेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सासात राहायला आल्यावर मला नेमबाजीचा नाद लागला. महिन्यातले दोन शनिवार मॅचमध्ये जातात, उरलेले दोन घरच्यांची समजूत काढण्यात. आमच्या मराठी कंपूत आता चार-पाच जण पिस्तूल चालवतात, आणि तिकडे कोल्हापूर-पुण्याकडे भाचरं एअर पिस्तूल शिकतायत. दोन्हीकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

कॉम्पेन्सेटर म्हणजे नेमकं काय?

नळीच्या तोंडावर बसवलेला धातूचा पोकळ ठोकळा. आत एक किंवा जास्त कप्पे, वरच्या अंगाला खाचा, कधी बाजूंनाही. गोळी समोरच्या भोकातून सरळ निघून जाते. तिच्या मागोमाग येणारा दाबाखालचा गॅस कप्प्याच्या भिंतीवर आपटतो आणि खाचांतून वर उसळतो. गॅस वर गेला की नळीचं तोंड खाली दाबलं जातं. रेंजवर सगळे त्याला ‘कॉम्प’ म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन.

त्याने धक्का कमी होतो ना?

होतो, पण दुकानदार सांगतो तितका नाही. इथे थोडं आकड्यांत शिरावं लागेल.

साधं ९ मिमीचं काडतूस घ्या. गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३४० मीटर. वजन (किलोत) आणि वेग यांचा गुणाकार केला की तिचा संवेग २.७ येतो. दारू जेमतेम ०.३ ग्रॅम, पण तिचा गॅस नळीच्या तोंडातून सेकंदाला ढोबळमानाने १२०० मीटर वेगाने सुटतो. त्याचा संवेग ०.३६. एकूण धरा ३.१. म्हणजे हाताला जो धक्का बसतो त्यात गॅसचा वाटा आठवा-नववा हिस्सा. कॉम्पची सत्ता फक्त तेवढ्यावर चालते. गोळीचे २.७ कुठेही जात नाहीत, ते तुमच्या तळहातात येणारच.

मग लोक दीड-दोनशे डॉलर का मोजतात? तर तरफेसाठी. धक्का नळीच्या रेषेत मागे येतो आणि ती रेषा आपल्या पकडीच्या चारेक सेंटिमीटर वर असते. त्या चार सेंटिमीटरमुळेच पिस्तुलाचं नाक वर उचललं जातं. कॉम्प मात्र पकडीपासून वीस-बावीस सेंटिमीटर पुढे बसलेला असतो. गॅसच्या ०.३६ पैकी समजा ०.२ जरी खाली दाबायला लागले, तरी ०.२ गुणिले २२ म्हणजे ४.४. उलट बाजूला ३.१ गुणिले ४, म्हणजे १२.४. नाकाची उचल तिसऱ्या हिश्श्याने गेली की! लांब पहारीच्या टोकाला हात लावून धोंडा हलवतात, त्यातला प्रकार.

आकडे ढोबळ आहेत. पकड, नळीची लांबी, खाचांचा आकार यांनी ते बदलतात. पण मुद्दा तोच राहतो. मागे येणारा धक्का थोडा कमी होतो, वर उचलणं बरंच कमी होतं. ‘रिकॉइल’ या एकाच शब्दात आपण या दोन्ही गोष्टी कोंबतो, आणि निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

हातात फरक कसा जाणवतो?

रेड डॉट (नेम धरायला काचेवर लाल ठिपका दाखवणारं साधन) लावलेलं पिस्तूल असेल तर डोळ्यांना आधी कळतं. कॉम्प नसताना गोळी सुटली की लाल ठिपका काचेच्या वरच्या कडेतून बाहेर पळतो आणि क्षणभराने परत उतरतो. कॉम्प असला की तो काचेतच राहतो. उभी छोटी रेघ ओढल्यासारखा वर जातो आणि त्याच रेघेवरून खाली येतो. ठिपका नजरेआड झाला नाही, तर दुसरी गोळी कधी सोडायची हे अंदाजाने नाही, बघून ठरवता येतं. मॅचमध्ये चांगले नेमबाज दोन गोळ्यांमध्ये ०.१५ ते ०.२० सेकंद घेतात. तिथे हाच फरक उपयोगी पडतो.

तळहाताला मात्र धक्का सरळ मागे आल्यासारखा वाटतो, ढकलल्यासारखा. काहींना तो उलट जास्त कडक वाटतो. माझ्या एका मित्राने पहिल्या दिवशी कॉम्प काढून परत केला. ‘मऊ वाटेल म्हणाला होतास,’ असं मलाच ऐकवून. मी तसं म्हणालो नव्हतो.

पहिल्या गोळीचा नेम सुधारतो का?

नाही. पिस्तुलात गोळी एक हजारांश सेकंदाच्या आत नळीबाहेर पडते, आणि कॉम्पचं काम गोळी त्याच्या कप्प्यातून पुढे गेल्यावर सुरू होतं. ती गोळी तुमचीच, चुकली तरी तुमचीच. नाकावर पन्नास-साठ ग्रॅम जास्त वजन आल्याने पिस्तूल थोडं स्थिर धरलं जातं, एवढाच काय तो लाभ.

कोणत्या काडतुसांनी कॉम्प जास्त चालतो?

ज्यात गॅस जास्त, त्याने. कॉम्प हे गॅसवर चालणारं यंत्र आहे, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

यूएसपीएसए (अमेरिकेतली) आणि आयपीएससी (आंतरराष्ट्रीय) या नेमबाजी संघटनांच्या मॅचमध्ये काडतुसाचा ‘पॉवर फॅक्टर’ मोजतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये (साधारण १५ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) गुणिले वेग सेकंदाला फुटांमध्ये, भागिले १०००. यूएसपीएसएच्या ओपन डिव्हिजनमध्ये (कॉम्प आणि रेड डॉट चालतात तो गट) १६५ च्या वर गेलात तर तुम्ही ‘मेजर’, १२५ च्या वर असाल तर ‘मायनर’. आयपीएससीत ओपनच्या मेजरची रेषा १६० ला आहे. निशाणाच्या मधल्या भागाला दोघांनाही ५ गुण, पण जरा बाहेर गेलात तर मेजरवाल्याला ४ आणि मायनरवाल्याला ३, त्याहून बाहेर २ आणि १. जास्त जोराच्या काडतुसाला नियमानेच बक्षीस आहे.

आता गंमत बघा. ११५ ग्रेनची गोळी सेकंदाला १४६० फुटांनी सोडली की पॉवर फॅक्टर १६८ होतो. त्यासाठी दारू सावकाश जळणारी आणि साध्या काडतुसाच्या जवळजवळ दुप्पट लागते. दारू दुप्पट म्हणजे गॅस दुप्पट, आणि गॅस दुप्पट म्हणजे कॉम्प जोरात. एकूण धक्क्यातला गॅसचा वाटा आठव्या हिश्श्यावरून पाचव्या-सहाव्यापर्यंत जातो. म्हणून ओपन पिस्तूल जितकं तिखट काडतूस खातं तितकं शहाण्यासारखं वागतं. उलट, हाताला सोपं पडावं म्हणून कोणी हलक्या दारूचं, जड गोळीचं मऊ काडतूस वापरलं, तर कॉम्प नुसता शोभेचा. हलकी गोळी आणि भरपूर दारू, ओपनवाल्यांची चव ही अशी.

हे वाचून कोणी घरी काडतुसात दारू वाढवायला जाऊ नये. असली काडतुसं साध्या ९ मिमीच्या दाबाच्या मर्यादेबाहेर जातात, आणि ती त्यासाठीच बांधलेल्या पिस्तुलातच वापरतात.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकन मरीन कोअरचे रिचर्ड कट्स यांचा ‘कट्स कॉम्पेन्सेटर’ १९२८ च्या मॉडेलच्या थॉम्पसन सबमशीनगनवर दिसतो. नळीच्या टोकाला वर आडव्या खाचा असलेली नळकांडी. जुने फोटो पाहिले असतील तर ओळखीची वाटेल.

पिस्तुलावर मात्र तो खेळामुळे रुजला. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी आयपीएससीची स्थापना झाली. पळत, वळत, वेळेशी झुंजत नेमबाजी करायचा खेळ. १९८० च्या दशकात लोकांनी ‘१९११’ मॉडेलची .४५ पिस्तुलं कॉम्प लावून आणली. मग रॉब लेथम आणि ब्रायन एनोस यांच्यासारखे नामवंत नेमबाज .३८ सुपर या काडतुसाकडे वळले. कारण वर आलंच आहे: हलकी गोळी, जास्त गॅस. १९९० साली ॲडलेडच्या वर्ल्ड शूटमध्ये, म्हणजे आयपीएससीच्या जागतिक स्पर्धेत, डग केनिग रेड डॉट लावून जिंकला. नाक उचलू न देणारा कॉम्प आणि ते डोळ्यांनी दाखवणारा ठिपका, या जोडीने पुढे ओपन डिव्हिजनचं रूपच ठरवून टाकलं.

कॉम्प लावल्यापासून पिस्तूल अडकतंय. काय चुकलं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मीही त्यातून गेलोय.

साध्या पिस्तुलात गोळी सुटली की वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते; तेव्हा नळीही थोडं अंतर तिच्याबरोबर मागे जाऊन कलते. आता त्या नळीच्या टोकाला तुम्ही वजन टांगलंत. शिवाय स्लाइडला मागे ढकलणारा जोरही गॅसने थोडा खाल्ला. स्लाइडला परत पुढे आणणारी स्प्रिंग तर जुन्या हिशेबाचीच. परिणाम असा की स्लाइड पूर्ण मागे जात नाही, रिकामं कवच बाहेर पडता पडता दारात अडकतं आणि धुराड्यासारखं उभं राहतं. इंग्रजीत त्याला ‘स्टोव्हपाइप’ म्हणतात ते उगीच नाही.

माझ्या ग्लॉक पिस्तुलात दुकानातल्या स्वस्त ११५ ग्रेनच्या काडतुसांनी पहिल्याच मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) तीनदा असं झालं. मूळची १७ पौंडांची स्प्रिंग काढून १५ ची घातली, कमी झालं. १३ ची घातली, थांबलं. पण १३ च्या स्प्रिंगला जोराचं काडतूस दिलं की स्लाइड मागे जाऊन ठाण्‌कन आपटते, आणि पुढे येताना सुस्त. शेवटी १५ ची स्प्रिंग आणि जरा दमदार १२४ ग्रेनचं काडतूस, यावर गाडी स्थिरावली. तुमची जोडी वेगळी निघेल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन्ही एकदम बदललीत तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही.

उलटंही होतं. स्प्रिंग फार कडक असेल तर स्लाइड पुढे येताना नाकाला खाली ओढते आणि ठिपका निशाणाच्या खाली डुबकी मारतो. लोक म्हणतात कॉम्प फार ‘जोरदार’ आहे. नव्वद टक्के वेळा स्प्रिंग असते.

आटे कोणते घ्यायचे? आणि तो सुटून येणार नाही ना?

अमेरिकेत ९ मिमीच्या आट्याच्या नळ्यांवर बहुधा अर्धा इंच बाय २८ चे (अर्धा इंच व्यास, इंचाला २८) आटे असतात. युरोपीय घराण्याच्या नळ्यांवर १३.५ मिमी बाय १ मिमीचे डावे आटे सापडतात. मापाची खात्री केल्याशिवाय पिळून बसवायला जाऊ नका.

सुटतो, हो. गरम होतो, थंड होतो, हादरे खातो. साधा निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) तापल्यावर मऊ पडतो; रॉकसेट नावाचं चिकटद्रव्य उष्णता सोसतं आणि पाण्यात भिजवून ठेवलं की सुटतं. मॅचच्या आधी नळी आणि कॉम्प यांच्यावरून मार्करने एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की समजायचं, फिरला.

सरळ बसलाय की नाही हे त्याहून महत्त्वाचं. आमच्या कंपूतल्या एकाने एका कारागिराकडून नळीला आटे पाडून घेतले. ते केसभर तिरके होते. पंचवीस यार्डांवर गोळ्या उगाचच डावीकडे जाऊ लागल्या, आणि त्याने महिनाभर स्वतःच्या बोटाला दोष दिला. एके दिवशी टॉर्च घेऊन आत पाहिलं तर पुढच्या भोकाच्या कडेला तांब्याची झळाळती रेघ. गोळी रोज घासून जात होती! तिथेच थांबवलं म्हणून निभावलं.

नळीलाच भोकं पाडलेली असतात, ते आणि हे एकच का?

कुळ एक, घरं वेगळी. ग्लॉक १७सी किंवा १९सी मध्ये नळीतच वर खाचा असतात, स्लाइडलाही जागा कापलेली असते. लांबी वाढत नाही, नळीला जादा वजन नाही, त्यामुळे अडकण्याची कटकट कमी. पण गॅस गोळी नळीत असतानाच बाहेर पडतो, म्हणून वेग थोडा घटतो. आट्यांवर लावलेला कॉम्प नळी संपल्यानंतर सुरू होतो, तो वेगाला हात लावत नाही. तिसरा प्रकार सिगच्या पी३६५ एक्समॅक्रोसारखा: नळी आखूड ठेवायची आणि पुढे उरलेल्या स्लाइडलाच खाचा द्यायच्या. छोट्या पिस्तुलांत मला हा प्रकार सर्वांत बरा वाटतो.

आवाज वाढतो का?

पुढे जाणारा आवाज वर आणि तुमच्याकडे वळतो, त्यामुळे नेमबाजाला आणि शेजारच्या लेनवाल्याला जास्त. बंदिस्त रेंजमध्ये ओपन पिस्तुलाच्या शेजारी उभं राहून पाहा; कानाच्या आधी छातीला कळतं. मी कानात बोंडं आणि वरून इअरमफ दोन्ही लावतो. चष्म्यावर काळे बारीक ठिपके पडतात, ते जळकट दारूचे. चष्मा न लावता कॉम्पच्या मागे उभं राहू नये, प्रेक्षकानेसुद्धा.

म्हणजे हा सायलेन्सरच ना?

अगदी उलट. सायलेन्सर गॅसला कोंडून सावकाश सोडतो. कॉम्प त्याला जोरात दुसरीकडे फेकतो. दिसायला दोन्ही नळकांडी, म्हणून घोटाळा होतो. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात सायलेन्सरची स्वतंत्र नोंदणी लागते, कॉम्पची नाही. पण राज्याराज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात काढता येणाऱ्या मॅगझिनच्या सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलावर आट्याची नळी हेच मुळात अडचणीचं आहे.

रोज कमरेला बाळगायच्या पिस्तुलावर लावू का?

माझं मत: नको, निदान आट्यांचा तरी. होल्स्टर नवं घ्यावं लागतं, पिस्तूल लांब होतं, आणि अडकण्याची शक्यता किंचित का होईना वाढते. शिवाय पिस्तूल शरीराजवळ धरून गोळी सोडायची वेळ आली तर वर उसळणारा गॅस आणि दारूचे कण थेट तोंडाकडे येतात. अंधारात ज्वाळा डोळ्यांसमोर उभी राहते, हे लोक फुगवून सांगतात. आजकालची चांगली काडतुसं ज्वाळा बरीच आवरतात. मला मोठी अडचण तोंडाकडे येणाऱ्या गॅसची वाटते.

भाची एअर पिस्तूल चालवते. तिच्या नळीच्या टोकाला भोकं आहेत, तो कॉम्पच?

हो, पण काम जरा निराळं. १० मीटर एअर पिस्तुलाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १५० मीटरच्या घरात. गुणाकार ०.०७५, म्हणजे ९ मिमीच्या चाळिसाव्या हिश्श्याइतका. इथे दुसऱ्या गोळीची घाई नाही. छर्ऱ्यामागून येणारी हवा भोकांतून आधीच बाजूला सोडली की ती त्याच्या बुडाला धक्के देत नाही, आणि नाकाची बारीकशी उचलही शांत होते.

एअर पिस्तुलात छर्रा नळीत अडीच-तीन हजारांश सेकंद रेंगाळतो, तेवढ्यात हात हलला तर दहाचा नऊ होतो. म्हणून हे लोक धक्क्याच्या मागे हात धुवून लागतात. स्टायर एलपी१० मध्ये नळीच्या भोकांशिवाय आत एक सरकणारं वजन आहे, धक्का मारून टाकायला. १९६० च्या दशकातल्या फाइनव्हेर्कबाऊ ६५ मध्ये तर वरचा अख्खा भागच रुळावरून मागे सरकायचा.

मग २५ मीटरच्या .२२ पिस्तुलावर का दिसत नाही?

आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघाच्या नियमांत २५ मीटरला कॉम्प, मझल ब्रेक (धक्का आवरणारं नळीच्या तोंडावरचं साधन), भोकं पाडलेली नळी यांना मनाई आहे. एअर पिस्तुलाला मुभा आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत रॅपिड फायर या झटपट गोळ्या झाडायच्या प्रकारात .२२ शॉर्ट काडतूस आणि भोकांच्या नळ्यांची खास पिस्तुलं चालत; २००५ पासून तो प्रकार साध्या .२२ लाँग रायफलच्या पिस्तुलांवर आणला. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण घेतलं ते या नियमाखाली. तिथे जे काही आवरायचं ते मनगटाने.

भारतात माझ्या परवान्याच्या पिस्तुलावर लावता येईल?

९ मिमी सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, आणि .३२ च्या काडतुसात गॅस इतका कमी की कॉम्पला पोटभर खायला नाही. शस्त्रात फेरफार करायचं काम १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे त्या कामाचा परवाना असलेल्या कारागिराचंच, पिस्तुलाचा परवाना पुरत नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडे नळी घेऊन जाऊ नका.

साफ कसा करायचा?

पितळी ब्रश, पितळी खरवडणी आणि धीर. हजारभर गोळ्यांनंतर कप्प्यांत काळा थर चढतो, दगडासारखा. ज्या गोळ्यांच्या बुडाला शिसं उघडं असतं त्या जास्त घाण करतात. बूड झाकलेल्या जेएचपीने (टोकाला खळगा असलेल्या गोळीने) थर निम्मा राहतो. इंटरनेटवर व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात भिजवायला सांगतात. शिसं विरघळतं हे खरं, पण त्यातून लेड ॲसिटेट तयार होतं. ते विषारी आहे आणि कातडीतूनही शिरतं. सिंकमध्ये तर ओतायचंच नाही. मी तरी ब्रशच वापरतो, हातमोजे घालून, स्वयंपाकघरापासून लांब.

नवीन शिकतोय. आधीच लावून टाकू का?

साधारण दोन-तीन हजार गोळ्या बिनकॉम्पच्या पिस्तुलाने झाडा. सैल पकडीमुळे उचलणारं नाक कॉम्प झाकून टाकतो, मग ती पकड तशीच हाडात मुरते. शिवाय मॅचमध्ये कॉम्प लावलात की साध्या डिव्हिजनमधून उठून थेट ओपनमध्ये बसावं लागतं, जिथे लोकांच्या पिस्तुलाची किंमत तुमच्या जुन्या गाडीएवढी असते.

सेकंड-हँड ओपन पिस्तूल मिळतंय. काय बघू?

टॉर्च न्या. कॉम्पच्या भोकाच्या कडा बघा: गोल आणि सारख्या असाव्यात, एका बाजूला झळाळी नको. खाचांच्या धारा गॅसने खाल्ल्यासारख्या दिसत असतील तर पिस्तूल भरपूर चाललंय, भावात घासाघीस करा. कोणत्या काडतुसाला आणि कोणत्या स्प्रिंगला लावून ठेवलंय ते विचारून लिहून घ्या, आणि त्याच काडतुसाने विकणाऱ्यासमोर पन्नास गोळ्या झाडून बघा. ओपनची १७१ मिमीची नीट जुळवलेली मॅगझिनं प्रत्येकी शंभर डॉलरच्या वर जातात, तेव्हा पिस्तुलाचा भाव करण्याआधी तो मॅगझिनं किती देतोय ते विचारा.